पिझ्झा हॉटेलातले कंडक्टर

धाकट्या जावेचा घास अडकला तेव्हा मी तिच्या डोक्यावर थापट्या मारल्या. "कोण आठवण काढतंय गं तुजी," असं म्हणाले आणि हसलेसुद्धा. ठसका लागला की आपल्याकडं असंच करतात. माझ्या आईनं माझ्या डोक्यावर मारल्या, मी माझ्या पोरांच्या डोक्यावर मारल्या. पण जावेनं मान वर केली नाही. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, आणि आवाज म्हणून नाही. मी पाण्याचा ग्लास तिच्या तोंडाला लावला. पाणी आत गेलंच नाही. हनुवटीवरून पदरावर सांडलं. तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

पलीकडच्या टेबलावरची एक बाई म्हणाली, "फिट आली वाटतं, कांदा आणा कुणीतरी." एक जण खरंच कांदा आणायला धावला. बाकीची माणसं ताटल्या सोडून आमच्याभोवती गोळा झाली. त्या गर्दीतून हॉटेलाचे मालक वाट काढत आले. ग्लास धरलेला माझा हात त्यांनी बाजूला उडवला. म्हणाले, "पानी नगं. आवाज न्हाय हिला. ठसक्याला आवाज आसतो."

त्यांनी जावेला बाकावरून ओढून उभं केलं, पुढं वाकवलं आणि पाठीत पाच रट्टे घातले. काही झालं नाही. मग त्यांनी तिला मागून मिठी मारली. बहात्तर वर्षांच्या बाईला, चारचौघांत.

हे मालक कोण, आणि त्याच्या पाचच मिनिटं आधी माझं त्यांचं भांडण का झालं होतं, ते आधी सांगायला पाहिजे. नाहीतर कुणाला वाटेल, देवमाणूस होता. देवमाणूस नव्हता. विक्षिप्त होता, आणि पहिली दोन वर्षं तर मला तो माणूस बघवत नव्हता.

त्यांना सगळे कंडक्टर म्हणत. मीही तेच म्हणते. एकतीस वर्षं ते एसटीवर कंडक्टर होते. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, आणि परत. निवृत्त झाले तेव्हाच त्यांचा मुलगा पुण्याहून परत आला. तो तिकडं एका पिझ्झ्याच्या हॉटेलात भट्टीवर होता. ते हॉटेल बंद पडलं. मग बापलेकांनी सोलापुरात विजापूर रोडला एका गल्लीत लांबट खोली भाड्यानं घेतली, बेकरीची भट्टी बांधणाऱ्या मिस्त्रीकडून मागच्या भिंतीला लाकडाची भट्टी बांधून घेतली आणि पिझ्झे विकायला सुरुवात केली. मुलगा कणीक मळायचा, वरचं सामान पसरायचा. भट्टीपुढं कंडक्टरांची बायको बसायची. आणि कंडक्टर कंडक्टरकीच करायचे. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं.

खोलीत दोन्ही बाजूंना बाक, बाकांच्या मध्ये टेबलं, आणि मधोमध चालायची वाट. प्रत्येक जागेवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. एक ते चाळीस. छताखालून दोरी दारापासून पार भट्टीपर्यंत गेलेली आणि तिच्या टोकाला घंटा. एक घंटा म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. पिझ्झा भट्टीत घालायचा तर कंडक्टर दारातून दोनदा दोरी ओढायचे. काढायचा तर एकदा. मुलगा तिथंच उभा असायचा, तोंडानं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण नाही. भट्टीच्या वर पाटी होती, "चालकाशी बोलू नये." चालक म्हणजे बायको. ती बाई तशीही बोलत नव्हती. एकदा मी विचारलं, "तुमाला राग येत न्हाई का ह्या घंटीचा?" तिनं पाटीकडं बोट दाखवलं आणि पुन्हा भट्टीत बघायला लागली.

घंटा नुसती भट्टीसाठी नव्हती. कंडक्टरांना गिऱ्हाइकांना काही सांगायचं असलं की तेव्हाही एक घंटा. मग सगळ्यांनी जागेवर बसायचं, वाट मोकळी करायची आणि ऐकायचं. सांगायचं म्हणजे काय, तर "चप्पल वाटेत हाय कुनाची?" असलं काहीतरी. नवीन माणूस पहिल्यांदा उभाच राहायचा. मग बाकीचे त्याला ओढून खाली बसवायचे. वर्षभरात अशी सवय झाली, की घंटा वाजली की लोक बोलता बोलता गप्प व्हायचे.

दारात गेलं की ते पहिलं विचारायचे, "कुटनं?" कुठून आलात म्हणून. गाव सांगितलं की त्या गावाचा थांबा सांगायचे. "म्हंजी वडाचं झाड, त्याच्या म्होरं शाळा." माणूस खूश व्हायचा. तो खूश होईपर्यंत कंडक्टर त्याला नंबर देऊन मोकळे. आपल्याला पाहिजे तिथं बसता यायचं नाही. कॉलेजातली दोन पोरं, म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी, कोपऱ्यात बसायला आली होती. कंडक्टरांनी त्यांच्या समोर माढ्याचे एक निवृत्त तलाठी आणून बसवले. मुलगा म्हणाला, "काका, आम्हाला दोघांनाच बसायचंय." कंडक्टर म्हणाले, "शीट मोकळी हाय की. मानूस उभा ठिवू व्हय?" तलाठ्यांनी त्या पोरांना अर्धा तास सातबारा समजावून सांगितला. पोरं पुन्हा येणार नाहीत असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात आली, आणि मुलीनं विचारलं, "ते आजोबा आले नाहीत का?"

पिझ्झे तीनच, नावं एसटीच्या गाड्यांची. साधी, जलद आणि निमआराम. साधी म्हणजे टोमॅटो आणि चीज. जलद म्हणजे वर शेंगाचटणी आणि हिरवी मिरची. ती खाल्ली की माणूस कुठं थांबत नाही, सरळ पाण्यापर्यंत जातो. निमआराम म्हणजे मऊ, जास्त चीजची. आम्ही दोघी निमआराम घ्यायचो. कुणी म्हटलं, जलदवर थोडं जास्त चीज टाका, की उत्तर ठरलेलं, "रूट बदलत न्हाय." एका बाईनं फार हट्ट केला. म्हणाली, पुण्यात तर आपण सांगू तसं करून देतात. कंडक्टर म्हणाले, "मग पुण्याची गाडी स्टँडवरनं सुटती, बाई."

पोरांना हाफ. दाराच्या चौकटीवर रेघ मारलेली होती. पोराचं डोकं रेघेच्या खाली असलं तर अर्धाच पिझ्झा मिळणार, कितीही रडलं तरी. एक चांगलं गुबगुबीत पोरगं बारा पूर्ण झाले म्हणून भांडत होतं. आईबाप गप्प बसलेले, कारण अर्धाच त्यांना परवडत होता. कंडक्टर म्हणाले, "शाळेचा दाखला आन." पोरगं दुसऱ्या दिवशी एकटंच दाखला घेऊन आलं. कंडक्टरांनी चष्मा लावून तारीख वाचली, दाखल्याची नीट घडी करून परत दिली आणि म्हणाले, "फुल." पोराला पूर्ण पिझ्झा दिला आणि पैसे हाफचे घेतले. ते पोरगं मान ताठ करून जेवत होतं. मी समोरच होते.

एकदा कुठल्याशा खात्याचे एक साहेब सात-आठ माणसं घेऊन आले. दोन टेबलं जोडा म्हणाले. टेबलं जमिनीला पक्की होती, पण नसती तरी कंडक्टरांनी जोडली नसती. माणसं वेगवेगळ्या नंबरांवर बसवली. साहेबांना राग आला. ते म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"व्हय. शीट नंबर अकरा," कंडक्टर म्हणाले.

साहेब उभे राहिले, बघत राहिले. मग बसले. त्यांच्या शेजारी दहा नंबरवर हमाली करणारा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. थोड्या वेळानं साहेब त्याला जलद कशी लागते ते विचारत होते, आणि पुढं दोघंही नेहमी यायला लागले.

मोबाईलवर व्हिडिओ काढणारी पोरं यायची. त्यातला एक घंटा वाजली तरी उभाच. कंडक्टरांनी त्याला तीनदा बसवला. जाताना तो म्हणाला, "तुम्हाला एकच स्टार देणार आहे मी." कंडक्टर म्हणाले, "एक बास. एकतीस वर्सं छातीवर येकच बिल्ला हुता. त्येच्यावरच घर बांदलं."

आणि सांगोल्याची शेवटची गाडी. घड्याळात वेळ झाली की कंडक्टर खोलीभर फिरून विचारायचे, "सांगोला कोन? उटा." तोंडातला घास तोंडात असायचा. ताटलीतला पिझ्झा कागदात बांधून हातात द्यायचे आणि माणसाला रस्त्यापर्यंत सोडायचे. डाळिंबाच्या बागेवर काम करणारं एक कुटुंब दवाखान्यासाठी आलं होतं. ते उठायला तयार नव्हतं, कारण पोरीला पहिल्यांदाच पिझ्झा मिळाला होता. कंडक्टर म्हणाले, "गाडीत खा. गाडी ग्येली तर रातभर स्टँडवर काय खानार?" ती माणसं रागानं गेली. हंगामात त्यांनी कुणाच्या तरी हाती डाळिंबाची पेटी पाठवली. कंडक्टरांनी त्या दिवशी प्रत्येक नंबरला मूठमूठ दाणे वाटले. मोजून. एक दाणा इकडचा तिकडं नाही.

आता आमचं सांगते. मी आणि धाकटी जाऊ चाळीस वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहतो. चुली वेगळ्या आहेत. बोलणं कधी असतं, कधी नसतं. पण मंगळवारी दोघींच्याही सुनांचा उपास. दोन्ही घरांत साबुदाणा. मला साबुदाणा आवडत नाही आणि तिला पचत नाही. म्हणून मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघी पिझ्झा खायला जायचो. बोलणं बंद असलं तरी जायचो. रिक्षात गप्प बसायचो. एकीनं पैसे द्यायचे, दुसरीनं पुढच्या वेळी. माझा नंबर सात, तिचा आठ. कंडक्टर आम्हाला नंबरानंच हाक मारायचे.

त्यांचा एक नियम मला सहन व्हायचा नाही. पासष्टच्या पुढच्या माणसाचा पिझ्झा ते स्वतः कात्रीनं कापायचे. खांद्याला कंडक्टरची जुनी कातडी पिशवी असायची, तिच्यात कात्री. तुकडे एसटीच्या तिकिटाएवढे. त्यापेक्षा मोठा घास म्हाताऱ्या माणसाला मिळणार नाही. बाकीचे चीजची तार ओढत मोठमोठे तुकडे खाणार आणि आमच्या पुढ्यात कोंबडीला टाकल्यासारखे तुकडे. माझे सगळे दात माझे आहेत. त्या वेळी मी पंच्याहत्तरीची होते आणि शेंगा दातांनी फोडत होते. मी त्यांना पुष्कळदा सांगून बघितलं. त्यांनी पुष्कळदा कापून ठेवलं.

त्या मंगळवारी जावेनं नवी कवळी बसवली होती. चारच दिवस झाले होते. सारखी हसत होती, दाखवायला. कंडक्टर कात्री घेऊन आले.

मी म्हणाले, "कात्री ठिवा. आमाला दात हायेत."

"पासष्टच्या म्होरं कात्री. नियम हाय."

"कुनाचा नियम?"

"गाडीचा."

"ही गाडी न्हाय," मी म्हणाले. "खोली हाय. तुमची गाडी कवाच डेपोत ग्येली. तुमालाच कळंना झालंय."

आजूबाजूची माणसं हसली. मी मोठ्यानं बोलते, त्यामुळं पार दारापर्यंत ऐकू गेलं. कंडक्टरांनी कात्री पिशवीत घातली. मग म्हणाले, "बरं. सामानाची जबाबदारी प्रवाशाची," आणि दाराशी जाऊन उभे राहिले. पाठ करून.

मी जिंकले होते. जिंकले ते पुरेसं नव्हतं, म्हणून मी जावेला म्हणाले, "घे गं मोठा तुकडा. दाव त्येला."

तिनं घेतला. चीज लांबलं, ती ते ओढत गेली, तोंड भरलं. कवळीला चावता येईना, बाहेर काढायची लाज वाटली, आणि तिनं तसंच गिळलं.

हे माझ्यामुळं झालं. ती मेली असती तर दोष मला लागला असता, आणि बरोबरच लागला असता. तिच्या मुलाला, सुनेला, भिंतीपलीकडच्या त्या घराला मी तोंड दाखवू शकले नसते. कंडक्टरांनी तिला मागून धरलं तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं.

त्यांनी एका हाताची मूठ तिच्या बेंबीच्या वर ठेवली, दुसऱ्या हातानं ती मूठ धरली आणि आत, वर असा जोरात हिसका दिला. जाऊ त्यांच्या हातात कापडासारखी हलली. घास निघाला नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या एका तरुण माणसानं त्यांची कॉलर धरली. "ओ काका, काय करताय? बाई आहे ती. सोडा." त्याचं चुकलं नव्हतं. बघणाऱ्याला ते वाईटच दिसत होतं. दुसऱ्या बाजूनं कांदेवाला कांदा घेऊन घुसत होता. एक बाई पुन्हा पाण्याचा ग्लास पुढं करत होती. कुणी म्हणत होतं, झोपवा. कुणी म्हणत होतं, हवा येऊ द्या, आणि स्वतःच हवा अडवून उभं होतं. कंडक्टरांना कोपर मागं घ्यायला जागा नव्हती.

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आक्का, बेल," ते म्हणाले. "दोरी वडा. येकदाच."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला सात सोडून दुसरं काहीतरी म्हटलं होतं. मी बाकावर चढले. गुडघा दुखतो, तरी चढले. दोरी हाताला लागली आणि मी सगळं अंग टाकून ओढली.

घंटा एकदा वाजली.

आणि माणसं बसली. खरंच सांगते, बसली. कांदेवाला मागं सरकत आपल्या नंबरवर जाऊन कांदा मांडीवर ठेवून बसला. ग्लासवाली बसली. ज्या माणसांना ते हॉटेल नवीन होतं तीसुद्धा बसली, कारण बाकीची बसली. भट्टीपुढं बायकोनं हातातलं लांब फावडं खाली ठेवलं. कॉलर धरलेला तरुण तेवढा उभा होता. त्यानं आजूबाजूला बघितलं, चाळीस माणसं त्याच्याकडं बघत होती, आणि त्यानं कॉलर सोडली. मधली वाट दारापासून भट्टीपर्यंत मोकळी झाली. तिच्यात फक्त कंडक्टर आणि जाऊ. कंडक्टरांनी पाय फाकवून उभं राहून घेतलं, गाडी वळणावर असताना उभे राहायचे तसं.

दुसरा हिसका. काही नाही. जावेचे पाय सुटले, सगळा भार त्यांच्या हातांवर आला. साठी ओलांडलेला माणूस, पण त्यानं तिला पडू दिलं नाही.

तिसरा हिसका.

घास बाहेर आला. कवळीही आली. घास वाटेत पडला आणि कवळी त्या तरुणाच्या ताटलीत. जावेनं श्वास घेतला. कोरड्या हापशाला पाणी लागताना जसा आवाज येतो तसा आवाज झाला, आणि पुन्हा झाला, आणि मग ती रडत, खोकत, श्वास घ्यायला लागली. मी बाकावर उभीच होते, दोरी हातात. मला खाली उतरायचं सुचत नव्हतं.

कुणी हललं नाही. घंटा एकदाच वाजली होती, म्हणून सगळे थांबलेलेच होते.

जावेनं तोंड पुसलं, मान वर केली आणि पहिलं वाक्य बोलली, "माजी कवळी कुटाय?"

त्या तरुणानं कवळी कागदात धरून आणून दिली. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तो कंडक्टरांना म्हणाला, "काका, मला वाटलं..."

"बरुबर हाय तुजं," कंडक्टर म्हणाले. "बाईला कुनी धरलं तर बगत बसू नये. बस खाली."

मग ते स्वतः आमच्या बाकावर बसले. मी त्यांना त्या आधी कधी बसलेलं बघितलं नव्हतं. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबले. मी खाली उतरले आणि विचारलं, "हे कुटं शिकला?"

ते म्हणाले, "माज्या गाडीत येक पॅसेंजर ग्येला. मंगळवेड्याच्या आलीकडं. पेरू खात हुता. म्हातारा मानूस, दात न्हाईत. मी डोक्यावर थापट्या मारल्या. आठवन काडली म्हनलं कुनीतरी. गाडीतली सगळी हासली. मीबी हासलो." मग म्हणाले, "पानी पाजलं मी त्येला."

मीही तेच केलं होतं.

"मग दवाखान्यात नर्सबाईला इचारलं," ते म्हणाले. "काय कराय पायजे हुतं? तिनं शिकिवलं. तवापासनं शिकून बसलोय. पंदरा वर्सं झाली. कुनावर करायची येळ आली न्हाई." आणि जावेकडं बघून म्हणाले, "आज आली."

जाऊ म्हणाली, "बरगडी दुकती माजी."

"दुकंल. दवाखान्यात जाऊन याचं दोगीनी. पोरगा घिऊन जाईल."

ते उठले. शर्ट नीट केला, पिशवी खांद्यावर सारखी केली, वाटेतून दारापर्यंत चालत गेले. चाळीस डोकी त्यांच्याबरोबर फिरत होती. त्यांनी दोरी धरली आणि दोनदा ओढली.

मग जो गलका झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. माणसं बाकांवर हात आपटत होती. हमाल, साहेब, पोरं, बायका, सगळे. पलीकडच्या टेबलावरची ती बाई, जिला फिट वाटली होती, ती मला मिठी मारायला आली. मी म्हणाले, मला नको, तिला मार. भट्टीपुढच्या चालकानं आयुष्यात पहिल्यांदा पाटीचा नियम मोडला. ती तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "जगली का?" आणि खोलीतली सगळी माणसं एकदम म्हणाली, "जगली की."

डॉक्टरांनी तपासलं. एका बरगडीला मुका मार होता. जाऊ महिनाभर सांगत फिरली, "त्या कंडक्टरनं माजी बरगडी मोडली." जीव वाचवला हे सांगायची नाही. ते मी सांगायची. मी सांगितलं की ती म्हणायची, "व्हय, पन बरगडी मोडली." पुढच्या मंगळवारी ती माझ्या आधी तयार होऊन रिक्षापाशी उभी होती.

मी माफी मागितली नाही. मला ते जमत नाही. कंडक्टर आले, कात्री काढली, आणि मी ताटली त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी कापलं. "सात," ते म्हणाले. "आठ," ते म्हणाले. पुन्हा कधी आक्का म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे अगदीच गेले. ते आता गावी, मंगळवेढ्याच्या पुढं, शेतातल्या घरात असतात. मुलानं हॉटेल चालू ठेवलं आहे. त्यानं आधी नंबर पुसले आणि दोरी काढून टाकली. नवीन काळ आहे, लोकांना पाहिजे तिथं बसू दे, असं त्याचं म्हणणं. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांनीच भांडून नंबर परत घालायला लावले. त्या साहेबांनी तर येऊन सांगितलं, मला अकराच पाहिजे. मुलगा मला म्हणाला, "आजी, लोकांना शिस्तीची सवय लागली आहे." मी म्हणाले, "शिस्तीची न्हाय रं. तुज्या बापाची."

एकदा मी त्यांना भेटायला गावी गेले होते. त्यांनी दारातच विचारलं, "कुटनं?" मी म्हणाले, "सोलापूर, सात नंबर." चहा झाला. परतीची गाडी कितीची ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि माझा चहा पुरा व्हायच्या आधी त्यांनी मला उठवलं. थांब्यापर्यंत काठी टेकत आले. गाडी आल्यावर म्हणाले, "आट नंबर कशी हाय?"

"हाय," मी म्हणाले. "भांडती."

ते हसले. मी गाडीत चढले.

माझी धाकटी जाऊ त्या मंगळवारी मेली नाही. ती आता पंच्याहत्तर वर्षांची आहे.